चूक कोणाची, भरपाई किती? रस्ते अपघातातील जखमींच्या दाव्यांचा आढावा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. एका मृतामागे अडीचहून अधिक जखमी. तरीही बातमीच्या मथळ्यात मृतांचा आकडा असतो, जखमींचा शेवटच्या ओळीत. आपल्या भरपाईच्या कायद्यातही काहीसे असेच झाले आहे. मृताच्या वारसांना किती रक्कम द्यायची याचे सूत्र गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बऱ्यापैकी पक्के झाले. जो जगला, पण पाय, हात किंवा स्मृती गमावून जगला, त्याला मात्र प्रत्येक रुपया वेगळा सिद्ध करावा लागतो. निष्काळजीपणा ठरवण्यापासून पैसे हाती पडेपर्यंतची ही सगळी वाट तपासली तर अन्याय सूत्रात कमी आणि सूत्रात भरल्या जाणाऱ्या आकड्यांत जास्त आहे, असे दिसते.

एक अपघात, दोन न्यायालये

अपघात झाला की दोन वेगवेगळ्या कारवाया सुरू होतात आणि सामान्य माणूस त्यांची गल्लत करतो. पहिली फौजदारी. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २७९, ३३७, ३३८ खाली होत असे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली होतो. इथे चालकाला शिक्षा द्यायची की नाही एवढाच प्रश्न असतो आणि गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो.

दुसरी कारवाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढची. जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालणाऱ्या या न्यायाधिकरणाला वकील मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॅक्ट’ म्हणतात. इथे कोणाला तुरुंगात धाडायचे नसते. नुकसान कोणी भरून द्यायचे हे ठरवायचे असते, म्हणून पुराव्याची पातळीही खालची असते. दोन्ही बाजू तोलून जे अधिक संभवनीय वाटते ते धरले जाते. हिमाचल प्रदेशातील एका बस अपघाताच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. फौजदारी न्यायालयातून चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही, हे तर १९८० पासून ठरलेले आहे. फिर्याद उशिरा दाखल झाली एवढ्यावरूनही दावा फेटाळता येत नाही. जखमीला दवाखान्यात न्यायचे की आधी ठाणे गाठायचे, यातले घरच्यांनी काय निवडावे हे न्यायालयालाही समजते.

निष्काळजीपणा कागदावर कसा उतरतो

तत्त्व उदार असले तरी व्यवहारात निष्काळजीपणा ठरतो तो कागदांवर. घटनास्थळाचा पंचनामा, फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, आरटीओ निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल आणि दोषारोपपत्र हे ते कागद. महाराष्ट्रात पोलीस त्यांचा सारांश एका ठरावीक नमुन्यात देतात, त्याला कोर्टाच्या भाषेत ‘कॉम्प एए फॉर्म’ म्हणतात. वाहनाचा क्रमांक, परवाना, विमा पॉलिसी, अपघाताचे ठिकाण ही सगळी माहिती त्यात असते.

यातला पंचनामा सर्वांत बोलका. रस्ता किती रुंद होता, टायर घासल्याच्या खुणा किती लांब आहेत, काचा कोणत्या बाजूला सांडल्या, वाहने कुठे येऊन थांबली यावरून कोण आपली बाजू सोडून गेले हे बरेचदा समजते. समोरासमोरच्या धडकेत दोन्ही गाड्यांचे उजवे कोपरे चेमटलेले असतील तर निष्कर्ष एक निघतो, एकाच गाडीचा डावा कोपरा गेलेला असेल तर दुसरा. पण पंचनामा अपघातानंतर सात-आठ तासांनी, वाहतूक मोकळी करण्यासाठी गाड्या बाजूला ओढल्यावर झाला, तर हा साक्षीदार मुका होतो.

दुसरी अडचण फिर्यादीची. जखमी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो आणि ठाण्यात पोहोचलेला असतो समोरचा चालक. त्याने सांगितलेली हकिगत पहिल्या दिवशी कागदावर येते आणि पुढे खोडून काढणे जड जाते. अनेकदा गुन्हा जखमीवरच नोंदवला जातो. अशा वेळी दवाखान्यातून दिलेला जबाब आणि घटना पाहिलेल्या एखाद्या टपरीवाल्याची किंवा रिक्षावाल्याची साक्ष दावा वाचवू शकते. उलट बाजूने, धडक देणारा चालक न्यायाधिकरणापुढे साक्षीच्या पिंजऱ्यात आलाच नाही, तर त्याचे मौन त्याच्या विरोधात धरता येते.

काही अपघातांत घटनाच बोलते. नागपूर–पांढुर्णा रस्त्यावरच्या १९६० मधल्या एका अपघाताचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली होती. १९७७ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, नीट चालवलेली गाडी सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही. त्यामुळे असे का घडले हे सांगण्याची जबाबदारी गाडीवाल्यावर येते. रस्त्यालगतच्या घरात घुसलेला ट्रक किंवा फुटपाथवर चढलेली कार यांनाही हाच न्याय लागू होतो.

वाट्याचा हिशेब

चूक नेहमी एकाचीच असते असे नाही. इथे कायदा दोन परिस्थितींत फरक करतो आणि तो फरक दावेदारासाठी लाखमोलाचा ठरतो. रिक्षा आणि टेम्पो यांच्या धडकेत रिक्षातला प्रवासी जखमी झाला, दोन्ही चालक चुकले, तर प्रवाशाची काही चूक नाही. दोघांपैकी कोणाकडूनही तो पूर्ण रक्कम वसूल करू शकतो आणि त्यांनी आपसातला वाटा नंतर सोडवावा. २०१५ च्या निकालाने हे निःसंदिग्ध केले. पण जखमी स्वतः दुचाकी चालवत होता आणि त्याचीही चूक निघाली, तर त्याच्या चुकीच्या टक्क्याइतकी रक्कम कापली जाते. वीस लाखांच्या भरपाईत तीस टक्के चूक म्हणजे सहा लाख गेले.

म्हणूनच विमा कंपन्यांचा बचाव बहुतेक वेळा ‘चूक आमच्या गाडीची नाही’ असा नसतो, ‘तुमचीही होती’ असा असतो. दुचाकीवर तिघे होते, परवाना नव्हता, हेल्मेट नव्हते, ही हत्यारे नेहमीची. सर्वोच्च न्यायालयाने यातली दोन बोथट केली. परवाना नसणे हा नियमभंग आहे, पण त्यामुळेच अपघात झाला असे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, हे २००८ चे म्हणणे. तिघे बसले होते एवढ्यावरून वाटा ठरवता येत नाही, त्या तिसऱ्या माणसाचा आणि अपघाताचा कार्यकारणसंबंध हवा, हे २०२० चे. हेल्मेटबाबत मात्र निकालांत एकवाक्यता नाही. हेल्मेट नसल्याने अपघात होत नाही, पण डोक्याची इजा वाढते. त्यामुळे कपात करायची की नाही आणि किती, हे बऱ्याच अंशी त्या त्या न्यायाधिकरणाच्या दृष्टीवर अवलंबून राहते.

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. ‘उभ्या वाहनाला तू धडकलास, मग चूक तुझीच’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण दिवे आणि खुणा नसताना वाहन रस्त्यात उभे करणे हाच निष्काळजीपणा आहे. रस्त्यात उभ्या ठेवलेल्या एका टँकरच्या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धडकणाऱ्या कारचालकावर चुकीचा वाटा टाकायला नकार दिला होता. अशा दाव्यांत ट्रॉलीला रिफ्लेक्टर होते की नव्हते हे पंचनाम्यात आले आहे का, यावर सगळे ठरते.

चूक न विचारता भरपाई

चुकीच्या या पुराव्यात जखमी दमून जातो, म्हणून चूक न विचारता काही रक्कम द्यावी, हा विचार जुना आहे. न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली, पण निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात या अटीपलीकडे पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. बदल हवा असेल तर तो संसदेने करावा लागणार होता. तो १९८२ मध्ये आला. मृत्यूला १५,००० आणि कायम अपंगत्वाला ७,५०० रुपये, चूक कोणाचीही असो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. त्याच वर्षी उत्पन्न आणि वयावर आधारलेला तक्ताही कायद्याला जोडला गेला. त्या तक्त्यात हिशेबाच्या इतक्या चुका होत्या की १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्या दाखवून द्याव्या लागल्या.

मे २०१८ मध्ये तक्ता बदलला. मृत्यूला पाच लाख, कायम अपंगत्वाला पाच लाखांच्या प्रमाणात अपंगत्वाचे जितके टक्के तितकी रक्कम, पण पन्नास हजारांहून कमी नाही. शिवाय २०१९ पासून दरवर्षी पाच टक्के वाढ. १ एप्रिल २०२२ पासून २०१९ च्या दुरुस्तीतली नवी व्यवस्था लागू झाली आणि कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी सरसकट रक्कम ठरली. दरवर्षीची वाढ त्यात नाही. म्हणजे २०१८ च्या तक्त्याने शंभर टक्के अपंग झालेल्या माणसाला मृताच्या बरोबरीने मोजले होते, नव्या कलमाने त्याची किंमत निम्मी केली. हाड मोडून तीन महिन्यांत कामावर गेलेल्याला आणि कंबरेखालचे शरीर कायमचे गमावलेल्याला एकच आकडा लावला. सुधारणेच्या नावाखाली जखमीच्या बाबतीत झालेले हे पाऊल मागे पडलेले आहे.

एक धोक्याची सूचनाही इथेच. ही सरसकट रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. दवाखान्याच्या बिलाने हबकलेल्या कुटुंबाला अडीच लाखांचा धनादेश मोठा वाटतो. सही करण्यापूर्वी एकदा हिशेब करून पाहिला पाहिजे.

पैसे देणार कोण

चालकाच्या चुकीला मालक जबाबदार आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी, ही साखळी. एसटी महामंडळासारख्या संस्थेला विम्यातून सूट आहे, ती आपल्या निधीतून रक्कम देते. कंपनीने हात वर करण्याची कारणे म्हणजे चालकाकडे योग्य परवाना नव्हता, पॉलिसीच्या अटी मोडल्या, बसलेला माणूस पॉलिसीत मोडत नाही. परवान्याच्या बाबतीत २००४ च्या निकालाने जखमीच्या बाजूची वाट काढली. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू टेम्पो चालवता येतो का, हा वाद अनेक वर्षे हजारो दाव्यांत अडून होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरता तो मिटवला.

पण काही माणसे या छत्राबाहेरच राहतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला मजूर, फक्त कायद्यापुरत्या पॉलिसीच्या दुचाकीवर मागे बसलेला मित्र, या सगळ्यांच्या दाव्यांत कंपनी सुटण्याची शक्यता असते. लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेण्याची पद्धत अजून संपलेली नाही आणि त्या ट्रॉलीत बसलेल्यांना आपण विम्याबाहेर आहोत याची कल्पनाही नसते. स्वतःच्या चुकीने मेलेल्या चालकाच्या वारसांनाही तृतीय पक्षाच्या विम्यातून काही मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. त्यासाठी मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो चालू आहे का, हे पॉलिसी घेताना पाहायला हवे.

मृताचा हिशेब, जखमीचा हिशेब

आता रक्कम. समजा, नाशिकचा ३२ वर्षांचा एक टेम्पोचालक महिना १८,००० रुपये कमावतो. घरी बायको, दोन मुले आणि आई. तो अपघातात गेला तर हिशेब असा. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, उरले २,२६,८००. वय ३१ ते ३५ मध्ये, म्हणून गुणक १६. एकूण ३६,२८,८००. त्यावर सहवासाची हानी, अंत्यसंस्कार आणि मिळकतीची हानी यांच्या ठरावीक रकमा.

गुणक आणि खर्चाची वजावट २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालाने पक्की केली. भविष्यातील वाढीचे टक्के आणि ठरावीक रकमा ३१ ऑक्टोबर २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने घटनापीठाकडून आल्या. कायम नोकरीवाल्याला चाळिशीच्या आत ५० टक्के वाढ, स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगारवाल्याला ४०. सहवासाच्या हानीला ४०,०००, अन्य दोन बाबींना प्रत्येकी १५,०००, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. २०१८ मध्ये सहवासाची रक्कम मुलांना आणि आई-वडिलांनाही लागू झाली. एक उत्पन्न सोडले तर वाद घालायला फारसे काही उरले नाही.

हाच चालक जगला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला, तर काय? स्वतःच्या खर्चाची वजावट आता होत नाही, कारण तो जगतो आहे आणि खातो आहे. वार्षिक ३,०२,४०० गुणिले १६ म्हणजे ४८,३८,४००. पण ही रक्कम गुणायची ती अपंगत्वाच्या टक्क्याने आणि सगळा संघर्ष इथे आहे. विमा कंपनीने ४० टक्के धरले तर १९,३५,३६०. न्यायाधिकरणाने ६० धरले तर २९,०३,०४०. टेम्पो तो पुन्हा चालवू शकणार नाही म्हणून शंभर धरले, तर पूर्ण ४८,३८,४००. एका आकड्याने जवळजवळ तीस लाखांचा फरक पडतो.

हा टक्का कसा ठरवायचा, याचे उत्तर २०१० च्या ‘राजकुमार’ निकालात आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरचा टक्का हा शरीराचा असतो, कधी कधी नुसत्या त्या अवयवाचा. कमाईची हानी ही वेगळी गोष्ट. न्यायाधिकरणाने तीन पायऱ्यांनी जावे. हा माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही, तो आधी कोणते काम करत होता, ते काम किंवा दुसरे एखादे काम करून तो किती कमावू शकेल. त्याच निकालातले उदाहरण असे की, डावा हात गेलेला सुतार किंवा चालक आपली जवळजवळ सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकून कदाचित नोकरीही गमावणार नाही.

निकाल स्पष्ट असूनही तो खालपर्यंत झिरपत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक तरुण संगणकावर माहिती भरण्याचे काम करायचा. त्याचा उजवा हात गेला होता, अपंगत्वाचे प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचे. उच्च न्यायालयाने कमाईची हानी ४५ टक्केच धरली. सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ केली आणि भविष्यातील वाढ जखमीलाही मिळालीच पाहिजे असे ठणकावले. ज्याच्या उपजीविकेचे साधनच बोटे होती, त्याला हे मिळवायला देशाच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. बाकीचे सगळे तिथपर्यंत जात नाहीत.

टक्क्याचा पुरावा देणारा साक्षीदार म्हणजे डॉक्टर. उपचार करणारा सर्जन तारखेवर तारखेला येऊ शकत नाही. मग ज्याने रुग्णाला कधी तपासलेही नाही अशा डॉक्टरचे प्रमाणपत्र आणले जाते आणि उलटतपासात ते कोसळते. डॉक्टरांची साक्ष प्राधान्याने, ठरलेल्या वेळी किंवा कमिशनमार्फत घ्यावी, हे राजकुमार निकालातच सुचवलेले आहे. दूरचित्रसंवादाच्या काळात ते आणखी सोपे झाले आहे. तरीही अनेक दावे या एका साक्षीसाठी वर्षानुवर्षे ताटकळतात.

ज्यांची पगारपावती नाही

दुसरा भरायचा आकडा उत्पन्नाचा. शेतमजूर, भाजीवाली, गवंडी, घरकाम करणारी बाई यांच्याकडे पगारपावती नसते. मग न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते, बहुधा किमान वेतनाच्या आसपास. गृहिणीचे उत्पन्न शून्य धरण्याची रीत २००१ पासून मोडू लागली. त्या वर्षीच्या निकालात घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली गेली आणि जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य न्यायालयाने सविस्तर मांडले. लहान मुलांच्या बाबतीतही कुशल कामगाराच्या किमान वेतनाचा आधार घेण्याकडे आता कल आहे.

काळजी घेणाऱ्याचा खर्च ही जखमींच्या दाव्यातली सर्वांत दुर्लक्षित बाब. २००७ मधल्या एका अपघातात बारा वर्षांची मुलगी मेंदूच्या इजेने पूर्णपणे परावलंबी झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनीस धरले, महिना प्रत्येकी पाच हजार, आणि त्याला १८ चा गुणक लावून २१,६०,००० रुपये दिले. एकूण भरपाई ६२,२७,००० झाली. आपल्याकडे ही सेवा बहुधा आई किंवा बायको बिनपगारी करते, म्हणून ती हिशेबात येत नाही. ती आलीच पाहिजे, हे या निकालाचे मोल. वेदना, विवाहाची संधी जाणे, पुढच्या शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलण्याचा खर्च या बाबीही मागायच्या असतात. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्यायाधिकरण देऊ शकते, पण पुराव्यात जे आलेच नाही ते देऊ शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ ला एक जुना वाद मिटवला. मेडिक्लेममधून उपचाराचा खर्च मिळाला म्हणून अपघाताच्या भरपाईतून तो वजा करायचा नाही. ज्याने आपल्या पैशाने हप्ते भरले, त्याच्या दूरदृष्टीचा फायदा धडक देणाऱ्याला का द्यावा? आयुर्विम्याबाबत एसटी महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच असे म्हटले होते.

उशीर आणि रस्ता

मुदतीचा प्रवासही वळणांचा. १९८८ मध्ये सहा महिने, १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली, २०२२ पासून पुन्हा सहा महिने. सहा महिने तर कित्येक जखमी अंथरुणावरच असतात. या तरतुदीला आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. तरीही वाचकाने सहा महिने धरूनच चालावे.

नव्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे आणि तो अहवालच दावा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी कशी करावी हेही सांगितले. ही व्यवस्था खरोखर चालली तर जखमीचे अर्धे ओझे उतरेल. मे २०२५ पासून दीड लाखापर्यंत, सात दिवसांच्या रोखरहित उपचारांची योजनाही आली आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यास मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. मागायला फारसे कोणी जात नाही.

आणि रस्त्याचे काय? खड्ड्यात पडून जखमी झालेल्याला धडक देणारे वाहन नसते, म्हणून न्यायाधिकरणाचा मार्ग बंद. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये यावर उपाय दिला. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमीला इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख, आणि तेही संबंधित महापालिका किंवा यंत्रणेकडून. रस्ता बांधणारा आणि सांभाळणाराही निष्काळजी असू शकतो, ही साधी गोष्ट आपल्याकडे इतक्या उशिरा हिशेबात आली.

काय व्हायला हवे

या आढाव्यातून तीन मागण्या निघतात. कलम १६४ मधली अडीच लाखांची सरसकट रक्कम अपंगत्वाच्या प्रमाणात बदलावी आणि तिला दरवर्षीची वाढ जोडावी. कमाईच्या हानीचा टक्का ठरवताना जिल्हा रुग्णालयाच्या मंडळात अस्थिरोगतज्ज्ञाबरोबर व्यवसायोपचार तज्ज्ञही असावा आणि प्रमाणपत्रावर शरीराचा टक्का व कामाचा टक्का वेगवेगळे लिहावेत. डॉक्टरांची साक्ष दूरचित्रसंवादाने, एका ठरलेल्या दिवशी घेणे हा नियम व्हावा, अपवाद नव्हे.

तोवर जखमीच्या घरच्यांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. रुग्ण शुद्धीवर येताच त्याचा जबाब नोंदवून घ्यावा. घटनास्थळाचे आणि गाड्यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. प्रत्येक बिल, रिक्षाभाड्याची पावती आणि डिस्चार्ज कार्ड जपावे. उत्पन्नाचा जो मिळेल तो पुरावा, अगदी बँकेतल्या जमा रकमांच्या नोंदीसुद्धा, गोळा करावा. तडजोडीच्या कागदावर किंवा लोकअदालतीत सही करण्यापूर्वी गुणक, टक्का आणि वर्षाची कमाई यांचा गुणाकार स्वतः करून पाहावा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.